रामदेवरायाचा टका आणि नरेंद्राची मुद्रा

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' शिकवताना 'स्मृतिस्थळा'तली एक गोष्ट हटकून सांगितली जाते. देवगिरीच्या राजसभेत नरेंद्राने आपले काव्य ऐकवले. रामदेवराय इतका प्रसन्न झाला, की ओवीमागे एक सोन्याचा टका घे आणि हा ग्रंथ माझ्या नावावर कर, असे त्याने कवीला सुचवले. तसे केल्यास आपल्या कविकुळाला बोल लागेल, अशा अर्थाचे उत्तर देऊन नरेंद्राने ती देणगी नाकारली. विद्यार्थी हे उत्तर टिपून घेतात, परीक्षेत 'नरेंद्राचा बाणेदारपणा' या मथळ्याखाली उतरवतात आणि विषय संपतो. त्या टक्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. तो कसा होता, त्यावर काय उमटलेले होते, कोणाच्या हाती तो खेळत होता? आणि ज्याचे नाव सोन्यावर आधीच कोरले गेले होते, त्या राजाला ते ओव्यांवरही कशासाठी हवे होते?

रामचंद्र यादवाचे, म्हणजेच आपल्या रामदेवरायाचे, सोन्याचे नाणे आज अभ्यासकांना 'पद्मटंक' या नावाने परिचित आहे. वजन साधारण पावणेचार ते ३.८ ग्रॅम. आकाराने गोल, पण सपाट नव्हे. उथळ वाटीसारखे किंचित खोलगट. हा खोलगटपणा घडवण्याच्या पद्धतीतून येतो. सोन्याची चकती ऐरणीवर ठेवायची आणि एकेक ठसा हातोड्याने स्वतंत्रपणे ठोकायचा, अशी ती रीत. मधोमध आठ पाकळ्यांचे कमळ, भोवती शंखासारखी चिन्हे, 'श्री' हे अक्षर आणि राजाचे नाव. मागची बाजू कोरी. ठसे वेगवेगळे मारलेले असल्याने प्रत्येक नाण्यावर त्यांची जागा थोडी सरकलेली असते. एखादा ठसा काठावरून अर्धा बाहेर गेलेला, एखादा दुसऱ्यावर चढलेला. एका साच्यातून निघालेल्या नाण्यांची एकसारखी शिस्त त्यात नाही. प्रत्येक नाणे सोनाराच्या हाताची लय सांगते.

मराठीच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे असे मला वाटते. बहुतेक नमुन्यांत राजाचे नाव 'श्री राम' असे नागरीत आहे, आणि भोवतीचे 'श्री' मात्र कानडी वळणाचे आहे. यादवांच्या राज्यात मराठी आणि कानडी या दोन भाषा कशा शेजारी नांदत होत्या, यावर आपण वर्गात तास खर्च करतो. शिलालेखांचे दाखले देतो, शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगतो. नखाएवढ्या सोन्याच्या तुकड्यावर ते सारे शेजार एका नजरेत दिसते. सिंघण, कृष्ण, महादेव यांचीही अशीच नाणी आहेत. कृष्णाच्या नाण्यावर त्याचे नाव 'कान्हपा' असे, घरात हाक मारल्यासारखे येते.

हे नाणे पाडणारा राजा गादीवर कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. कृष्ण यादवानंतर त्याचा भाऊ महादेव १२६१ मध्ये राजा झाला. महादेवानंतर गादी त्याच्या मुलाकडे, आमणाकडे गेली. रामचंद्र कृष्णाचा मुलगा. थोरल्या पातीचा वारस आपण, ही त्याची धारणा. महानुभाव वाङ्मयातून कळते ते असे, की रामचंद्र आणि त्याचे साथीदार नटांच्या वेषात देवगिरीच्या गडावर शिरले, आमणासमोर खेळ केला आणि खेळ रंगात असताना त्याला पकडले. पुढे आमणाचे डोळे काढले गेले. ही गोष्ट १२७१ ची. रंगभूमीचे इतके रोकडे फळ पदरात पडलेला दुसरा राजा मराठी प्रदेशात सापडणे कठीण! कला माणसाला कशी बेसावध करते, हे या राजाला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते, असे म्हटले तर ते अनुदार ठरू नये.

अशा राजाला नावाची तहान असणे स्वाभाविक आहे. तशी त्याच्या नावाला कमतरता नव्हती. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात ते आहे. शके १२१२ च्या 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस, काळ आणि स्थळ सांगताना, ज्ञानदेवांनी त्याचा उल्लेख केला आहे, आणि त्यासाठी कोणी ओवीमागे टका मोजल्याचे ऐकिवात नाही. १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात तर त्याच्या विजयांची लांबलचक यादी आहे. वाराणसी मुक्त केल्याचा दावाही तिच्यात येतो. म्हणजे दगड, तांबे आणि सोने या तिन्ही धातू-पाषाणांवर राजाचे नाव होते, आणि एका ग्रंथात आदराने आलेले होते. तरी त्याला काव्याचे कर्तृत्व हवे होते. उल्लेख आणि कर्तृत्व यांतला फरक त्याला नेमका कळला होता, हे त्याच्या रसिकतेचे गमकच मानावे लागेल.

संस्कृतात आणि मराठीत 'मुद्रा' या शब्दाचा विस्तार मोठा आहे. मुद्रा म्हणजे ठसा, मुद्रा म्हणजे नाणे, मुद्रा म्हणजे राजाची मोहोर. आणि काव्याच्या अखेरीस कवी जे आपले नाव गुंफतो, तीही नाममुद्राच. नाण्यावर नाव उमटले, की सोन्याची शुद्धता आणि वजन यांची हमी राजाने घेतली असा अर्थ होतो. कवीची नाममुद्रा तेच काम करते: या शब्दांना मी जबाबदार, असे ती सांगते. खरे सोने कोणाच्याही नावाने खरेच राहते; रामचंद्राने महादेवाचा पद्मटंक वितळवून त्यावर आपला ठसा मारला असता, तर सोन्याचे काहीच बिघडले नसते. काव्याचे तसे नाही. दुसऱ्याच्या नावाचा ठसा पडताच ते खोटे नाणे होते, शब्द तेच राहूनही. नरेंद्राने 'मला' बोल लागेल असे न म्हणता 'कविकुळाला' म्हटले, यातले मर्म इथे आहे. खोट्या नाण्याचा डाग एका सोनारापुरता राहत नाही, टांकसाळीवर येतो.

आता थोडा हिशेब. नरेंद्राच्या काव्याच्या आज उपलब्ध ओव्या ८७९ आहेत. ओवीमागे ३.८ ग्रॅम धरले तर सुमारे ३.३ किलो सोने होते. मूळ काव्य यापेक्षा मोठे होते असे परंपरा सांगते. तेव्हा देऊ केलेली रक्कम याहून अधिक होती. मराठी कवीला एका काव्यासाठी इतके मानधन आजतागायत कोणी देऊ केले असेल असे वाटत नाही. आमच्याकडच्या दिवाळी अंकांचे मानधन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तुलना सांगायला नको.

पण या सोन्याचा सामान्य जगाशी संबंध किती? याचे उत्तर शोधायला देवगिरी सोडून आपल्या वऱ्हाडात, रिद्धपूरला यावे लागते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले हे गाव. इथे म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात आणि गोविंदप्रभूंच्या चरित्रात बाजारहाट आहे, दुकाने आहेत, देणे-घेणे आहे. दाम आणि आसू ही नाणी आहेत. रामदेवरायाच्याच काळात, त्याच्याच मुलखात जगणाऱ्या माणसांची ही रोजची नाणी. सोन्याचा टका या जगात क्वचितच डोकावतो. पद्मटंक दान द्यायला, खंडणी भरायला, मोठ्या व्यापाराला आणि भांडारात साठवायला. मीठ-मिरची दामाची. हा 'दाम' शब्द मुळात संस्कृत 'द्रम्म' आणि त्याच्याही मागे ग्रीकांचा 'ड्राख्मा'. अलेक्झांडरच्या वारसांचे नाणे रिद्धपूरच्या बाजारापर्यंत शब्दरूपाने पोचले आणि आजही 'दामदुप्पट' घेणाऱ्या सावकाराच्या तोंडी आहे. 'टका' टक्केवारीत उरला. 'आसू' मात्र पोथीबाहेर कोठेच उरला नाही.

रिद्धपूरच्या या परंपरेचे पैशाशी नाते आरंभापासूनच वेगळे आहे. चक्रधरस्वामी पूर्वाश्रमीचे हरिपाळदेव, भडोचच्या प्रधानाचे पुत्र. द्यूतात ते हरले, देणे झाले, पत्नीकडे अलंकार मागितले तर तिने ते दिले नाहीत. या प्रसंगाने आलेल्या उदासीनतेतून ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले आणि रिद्धपुरात त्यांना गोविंदप्रभू भेटले. लीळाचरित्रकारांनी ही हकीकत झाकली नाही. एका पंथाचा उगम सांगताना जुगारातल्या देण्याचा आकडा लपवावा असे त्यांना वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि ज्या गोविंदप्रभूंच्या दर्शनाने पुढचे सारे घडले, ते तर दुकानात शिरून हवे ते उचलून खाणारे. त्यांच्यापुढे दाम काय आणि पद्मटंक काय, दोन्हींची किंमत सारखीच!

नरेंद्राची गोष्ट याच परंपरेने जतन केली आहे, म्हणून तिच्याकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे, हे खरे. नरेंद्र पुढे नागदेवाचार्यांचा अनुयायी झाला. दरबारी कवी पंथात आला ही पंथाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट. राजाच्या सोन्याला लाथ मारणारा कवी दाखवण्यात पंथाचा हितसंबंध उघड आहे. शिवाय चक्रधरांचा जो छळ झाला त्याचे खापर महानुभाव परंपरा रामदेवरायाच्या करणाधिप हेमाद्रीवर फोडते. त्या दरबाराबद्दल तिच्या मनात प्रेम असण्याचे कारण नव्हते. या शंका रास्त आहेत. पण याच पंथाने आठवणी गोळा करताना कोणाचा पाठ कोणता, कोणाला काय वेगळे आठवते, हे नावानिशी नोंदवून ठेवले. एकाच लीळेचे हिराइसेचे रूप वेगळे आणि परशरामबासांचे वेगळे असेल तर दोन्ही दिली. ज्यांना पदरचे घालायचे असते ती माणसे असे करत नाहीत. गोष्टीतला राजाही खलनायक म्हणून रंगवलेला नाही. तो चांगले काव्य ओळखतो, त्याची किंमत मोजायला तयार होतो, नकार आल्यावर कवीचे डोके उडवत नाही. आमणाच्या डोळ्यांची हकीकत ज्यांनी सांगितली त्यांनीच हा राजा असा रेखाटला आहे. मला ही गोष्ट तिच्या गाभ्यात खरी वाटते.

जाता जाता नावाच्या ठशाचा एक वऱ्हाडी मासला सांगतो. अकोला जिल्ह्यातल्या बार्शिटाकळीचे देऊळ सगळे जण 'हेमाडपंती' म्हणून दाखवतात. तिथला लेख शके १०९८ चा, म्हणजे हेमाद्री पंडिताच्या कारकिर्दीच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा. चुन्याविना रचलेले प्रत्येक जुने देऊळ त्या करणाधिपाच्या नावावर जमा झाले आहे. राजाला तीन किलो सोने देऊनही जे साधले नाही, ते त्याच्या मंत्र्याला फुकट आणि न मागता मिळाले.

रामदेवरायाच्या सोन्याचे पुढे काय झाले, याची वाटही वऱ्हाडातूनच जाते. १२९६ मध्ये कड्याहून निघालेला अलाउद्दीन खलजी अचलपुरावरून देवगिरीवर येऊन धडकला. यादवांची मुख्य फौज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. गडावर धान्याच्या समजुतीने चढवलेल्या गोणींत मीठ निघाले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. तहात मोठी खंडणी ठरली आणि अचलपूर प्रांताचा वसूल दरसाल द्यायचे कबूल करावे लागले. म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याने भरलेला दाम आता देवगिरीची वाट सोडून दिल्लीच्या वाटेला लागायचा होता. त्याच वर्षी गादी बळकावायला दिल्लीकडे जाताना अलाउद्दीनने मुक्कामोमुक्कामी यंत्राने सोने गर्दीत उधळले, असे झियाउद्दीन बरनी लिहितो. दगड फेकण्याचे ते यंत्र; त्यातून पाच पाच मण सोन्याच्या चांदण्या लोकांवर उडवल्या जात. कमळाचा ठसा असलेले किती पद्मटंक त्या चांदण्यांत वितळले असतील!

१३१८ मध्ये दिल्लीच्या टांकसाळीतल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिला. देशोदेशीची नाणी, त्यांतले धातूचे प्रमाण, त्यांचे वजन, असा तो व्यवहारी ग्रंथ. त्यात देवगिरीच्या नाण्यांचाही समावेश आहे. राजघराण्याचा शेवट होत असतानाच त्याची नाणी कसाला लावून वितळवण्याच्या यादीत बसली होती. या सगळ्याच्या उलट, व्हेनिसने १२८४ मध्ये पाडलेला साडेतीन ग्रॅमचा डुकॅट पुढे शतकानुशतके इथे येत राहिला आणि मराठी बायकांच्या गळ्यात 'पुतळी' होऊन बसला. रामदेवरायाच्या काळात जन्मलेले परके नाणे आपल्या दागिन्यांत राहिले. आपल्या राजाचे नाणे शब्दकोशातही नीट उरले नाही.

अचलपूरचा वसूल पुढे थकला. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर देवगिरीवर आला आणि रामदेवरायाला दिल्लीस घेऊन गेला. तिथे सुलतानाने त्याचा अपमान केला नाही. छत्र दिले, 'रायरायान' ही पदवी दिली, एक लाख टके दिले आणि परत पाठवले. ओवीमागे टका देऊन आपले नाव मागणारा राजा आता टक्यांसह दुसऱ्याने दिलेले नाव घेऊन परतला. नरेंद्राला जे नाकारता आले ते राजाला नाकारता येण्यासारखे नव्हते. सुलतानापुढे 'कुळाला बोल लागेल' असे म्हणण्याची सोय नसते. वर उल्लेखिलेला पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट यानंतरचा आहे. वाराणसी त्यात आहे. दिल्लीचा मागमूस नाही. पुढे वर्षभरात राजा वारला.

या धामधुमीत महानुभावांच्या पोथ्याही गेल्या. 'खालशाची धाड' पडली तेव्हा 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरवली, आणि ज्यांना जे पाठ होते त्यावरून ते पुन्हा लिहून काढावे लागले, असे पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर पोथ्या सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि सहाशे वर्षे मठांच्या बाहेर कोणाला वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यानंतर वऱ्हाडातल्या अभ्यासकांनी हे काम अंगावर घेतले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, 'स्मृतिस्थळा'चे संपादक वा. ना. देशपांडे, आणि 'लीळाचरित्रा'बरोबर नरेंद्राचे काव्यही संपादून हाती देणारे वि. भि. कोलते. रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथल्या अभ्यासक्रमात नाणकशास्त्राचा एखादा तास ठेवावा, अशी सूचना मी इथे करून ठेवतो. ठसा वाचायला शिकलेला विद्यार्थी पोथीही अधिक सावधपणे वाचतो.

नरेंद्राच्या काव्याची कथा राजसभेतल्या नकाराशी संपत नाही. परंपरेनुसार ग्रंथ राजाच्या भांडारातच राहिला. नरेंद्र आणि त्याचे भाऊ साल व नृसिंह, तिघेही कवी. त्यांनी मिळून जेवढे साधले तेवढे, सुमारे नऊशे ओव्या, उतरवून घेतल्या आणि त्या घेऊन नागदेवाचार्यांचा मार्ग धरला. आपण वाचतो ते हेच, अपुरे काव्य. पूर्ण पोथी राजाकडे, अर्धीमुर्धी कवीकडे. काव्याचा काळ १२९२ धरला जातो. त्यानंतर चारच वर्षांनी ते भांडार अलाउद्दीनपुढे उघडले गेले. त्यातून काय काय गेले, याची यादी तीनशे वर्षांनी फिरिश्ताने दिली आहे: सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण रत्ने, हजार मण चांदी, रेशमाची चार हजार वस्त्रे. पोथीचा उल्लेख तिच्यात नाही.